दोन ब्रेक, एक कडी

१४ सप्टेंबर २०२५

संघप्रियाताई,

आधीच माफी मागून घेतो. माह्यं शुद्धलेखन शाळेत होतो तवाच आजारी होतं, शाळा सोडल्यावर ते वारलं. आन टाइप कराले मले लई वेळ लागते. मी एकाच बोटानं लिवतो आन त्याच बोटाले वेल्डिंगचा चटका बसून आहे. हे पत्र मी कालपासून लिवून राह्यलो.

फोन केला असता, पन फोनवर मी हॅलोच्या पुढं जात नाई. मागं माय म्हने गॅसवाल्याले फोन लाव. मी लावला आन इतका चूप राह्यलो का त्याले वाटलं लाइन कटली. त्यानं तीनदा ठेवला. शेवटी मायच गेली सिलेंडर आनाले.

वळखलं नसशीन त सांगतो, मी आदेश, खुशाल ड्रायव्हरचा पोट्टा. तुमच्या घराच्या मागची आळी. तू गडचांदूरले सिमेंट कंपनीत वजनाचे काटे आन सेन्सर दुरुस्त करते असं तुह्या भावानं, नागसेननं सांगतलं. नंबरबी त्यानंच देला.

काम असं आहे का मी एक मशीन बनवून राह्यलो. नागपूरच्या मोठ्या दुकानात राह्यते तशी. समोर टीव्ही, खाली स्टेरिंग, बसाचं आन गाडी चालवाची. प्लाय नाटकाच्या जुन्या स्टेजचा आहे, त्याच्यावर अजून अर्धा राजवाडा रंगवून आहे. कॉम्प्युटर ब्रह्मपुरीच्या बंद पडलेल्या झेरॉक्सवाल्याचा. मी ज्याच्या वेल्डिंगच्या दुकानात कामाले आहो तो प्रफुलभाऊ म्हनते, "अबे आदेश, हे कपाट आहे का संडास?" अजून मलेबी पक्कं सांगता येत नाई.

दिवाळी झाली का ९ नोव्हेंबरले आपल्या गावची मंडई आहे, जत्रेले पूर्न तालुका येते. त्या दिवशी बाजारचौकात मशीन लावाची आहे. लोकाईले वाटते मी लहान पोट्ट्याईसाठी करून राह्यलो. तुले खरं सांगतो, कारन तू दूर आहे. मले त्या स्टेरिंगवर बाबाले बसवाचं आहे. बाबानं चौदा वर्षं लटारूभाऊचा ट्रॅक्टर चालवला. आता दोन वर्षं झाले, बाबानं कोन्याच स्टेरिंगले हात नाई लावला. कारन तुले माईत असन, पूर्न तालुक्याले माईत आहे. कारन मी आहो. मी तो ट्रॅक्टर बोडीत, गावच्या तळ्यात टाकला.

त सांग, स्टेरिंग कोनतं घेऊ आन सॉफ्टवेअर कोनतं टाकू?

आदेश


१६ सप्टेंबर, गडचांदूर

आदेश,

जय भीम. वळखलं, काऊन नाई वळखणार? तूच तो ना, जो १५ ऑगस्टच्या भाषणात "माझ्या बंधू आणि" एवढंच म्हणून खाली बसला होता? भगिनी अजून वाट पाह्यून राह्यल्या.

काम भारी आहे. बाजारात तयार गेमचं स्टेरिंग भेटते, तार लावली का चालू, पण ते प्लास्टिकचं आहे. मंडईत एका दुपारी त्याचा चुरा होईन. त्यापेक्षा भंगारातून खरं स्टेरिंग आण आणि त्याच्या दांड्याले पॉट लाव. पॉट म्हणजे अँप्लिफायरवर आवाज कमी-जास्त कराचा गोल खटका राह्यते ना, तोच. तो किती फिरला ते कॉम्प्युटरले समजते. फक्त एक ध्यानात ठेव, पॉट पाऊण फेराच फिरते. पुढं कोणी ओढलं तर मोडते. म्हणून दोन्हीकडून लोखंडाचा अडथळा लाव. विसरू नको.

कोणी तुले सांगन का जुन्या गोळीवाल्या माऊसमधलं छिद्राचं चक्र लाव, ते कितीही फेरे फिरते. फिरते, पण सरळ कुठी आहे हे त्याले माईत नसते. गाडी सरळ रोडवर मोहाची पिऊन आल्यासारखी चालन.

सॉफ्टवेअरचं मागून सांगते. कॉम्प्युटर किती जुना आहे ते लिहून पाठव.

आणि शाळा काऊन सोडली तू? हुशार होता ना बे. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीले बाहेरून बसता येते, माईत आहे का?

संघप्रियाताई


२७ सप्टेंबर

ताई,

अडथळा नाई लावला.

म्हनजे लावनारच होतो. पन स्टेरिंग भेटलं त्याच खुशीत राह्यलो. ट्रॅक्टरचंच घेतलं, बाबाच्या हाताच्या सवयीचं. ते इतकं मोठं निघालं का मशीन एक हात रुंद करा लागली. आता राजवाडा पूर्न दिसते.

पहिले प्रफुलभाऊ बसला. आता तुले माईत आहे, आपल्या गावात जो कोनी गाडी शिकला तो धानाच्या बांधीत ट्रॅक्टरवर शिकला. शेताच्या कडेले, धुऱ्यापाशी ट्रॅक्टर वळवाचा म्हनजे दोन फेरे माराचे. प्रफुलभाऊनं टीव्हीवर वळन पाह्यलं आन घेतले दोन फेरे. आतून कट्ट आवाज आला. तो म्हने, "गिअर पडला वाटते." मी म्हटलं हो. पॉट पडला होता, दोन तुकड्यात.

मंग दुसरा पॉट आनला, अडथळा लावला. त त्यानं अडथळाच वाकवला. म्हने, "तुहं स्टेरिंग जाम आहे बे, ग्रीस मार." पाऊन फेऱ्यात कोनतीबी गाडी वळू शकते हे त्याले पटतच नाई.

कॉम्प्युटर दोन जीबीचा आहे. त्याले चालू करतो आन चहा पिऊन येतो. कदी कदी दोन चहा.

शाळेचं काई नाई. गनित जमत नोतं.

आदेश


३० सप्टेंबर, गडचांदूर

आदेश,

लोक दोन फेरे मारणारच असतीन तर मारू दे. त्याईचे दोन फेरे पॉटपाशी पोचेपर्यंत पाऊण झाले पाह्यजे, बस. जुन्या सायकलचे दोन्ही चक्र काढ. मागचं लहान, अठरा दात्याचं, ते स्टेरिंगच्या दांड्याले लाव. पायडलचं मोठं, अट्ठेचाळीस दात्याचं, ते पॉटले. मधात चेन टाक. अठराले दोननं गुण आणि अट्ठेचाळीसनं भाग, किती येते ते पाह्य. गणित जमत नाई म्हणते ना, मंग कोणाले विचारून घे.

सॉफ्टवेअर. जुन्या आर्केड मशीनचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारं एक सॉफ्टवेअर राह्यते, त्याले एमुलेटर म्हणतात. तुह्या कॉम्प्युटरवर ते पळन. पण त्यातले गेम दुसऱ्याच्या मालकीचे, फुकट उतरवणं म्हणजे चोरी. मंग एक मोठा ट्रकचा गेम आहे, त्यात स्टेरिंग खऱ्यासारखं फिरते, पण तुहा कॉम्प्युटर त्याचं नाव ऐकूनच बेशुद्ध पडन. तिसरा एक खुला गेम आहे, कोणालेही वापराले मोकळा. दिसाले साधासुधा. पण त्यात आपला रस्ता आपण बनवू शकतो. मी असती तर तोच टाकला असता.

संघप्रियाताई


१२ ऑक्टोबर

ताई,

पाऊन आलं. ०.७५. कोनाले विचारलं नाई.

चक्र लावले, चेन लावली, बसलो. गाडी डावीकडं मस्त वळली. उजवीकडं वळवली त टिकटिक टिकटिक आवाज, आन गाडी आपली सरळच. तीन दिवस मी सॉफ्टवेअर पाह्यलं. दोनदा काढून टाकलं. मंग प्रफुलभाऊचा पाच वर्षाचा पोट्टा आला आन म्हने, "काका, सायकल उलटी मारली का असाच वाजते." सायकलचं मागचं चक्र उलटं ओढतच नाई, ताई. मी आठ वर्षं सायकल चालवली. वेल्डिंग मारून ते जाम केलं, आता दोन्हीकडं वळते.

सॉफ्टवेअर तिन्ही पाह्यले. एमुलेटरचे फक्त फोटो पाह्यले, चोरी नाई केली. त्यात समुद्र आन नारळाचे झाडं, आन लोक रोडच्या उजव्या बाजूनं गाडी चालवतात. सुगंधाबाई, आमच्या समोरची म्हातारी, फोटो पाह्यून म्हने, "ह्या गावात धान कुठी आहे?" ट्रकचा गेम टाकला नाई, कॉम्प्युटरवर दया आली. तुहावालाच टाकला आन आपला गाव बनवला. लटारूभाऊची बांधी, तिथून रोड, मंग बोडीची पार, त्या मातीच्या बांधावरूनच रोड जाते, मंग शाळा, मंग चौक. एक म्हैसबी आहे. ती काळ्या फ्रिजसारखी दिसते, पन शेपूट हालवते.

पायाचा एक्सिलेटर कोनी दाबत नाई. बसते तो पहिले स्टेरिंगच्या खाली हात घालते, दांडी शोधते. ट्रॅक्टरले हाताची रेस राह्यते ना. चार जन बसले, चारही जनाची गाडी उभीच. मंग मी हाताची दांडी लावली.

आता अडलं ते ब्रेकपाशी. ट्रॅक्टरले उजव्या पायापाशी दोन ब्रेक राह्यतात, डाव्या चाकाचा एक आन उजव्याचा एक. चिखलात डावा दाबला का ट्रॅक्टर जागीच डावीकडं फिरते. रोडवर चढलं का दोन्हीवर एक कडी टाकाची, मंग दोन्ही संगंच लागतात. मी दोन्ही ब्रेक लावले आन कडीबी. पन गेमले एकच ब्रेक माईत आहे. का करू?

आन गनिताचं मी खोटं बोललो. ट्रॅक्टर बोडीत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो होतो. मी वर्गात पाय टाकला आन मागच्या बेंचवरून एकानं ट्रॅक्टरसारखा आवाज काढला, भुर्रर्र, आन बाकीचे सगळे संगं म्हनले, "बुडुक!" मास्तरबी हासले. चांगला मानूस आहे तो, त्यालेबी आवरलं नाई. आवाज खरंच तसाच आला होता, म्हनून मी दप्तर उचललं आन घरी आलो, मंग गेलोच नाई. गेमात बोडीत पडल्यावर मी तोच आवाज टाकला आहे. बकेटीत गोटा टाकून भरला.

आदेश


१४ ऑक्टोबर, गडचांदूर

आदेश,

लहानसा प्रोग्राम पाठवते. तुह्या त्या छोट्या बोर्डात टाक, ज्याले पॉट जोडला आहे. डावा ब्रेक दाबला तर गाडी थांबन आणि संगं डावीकडं ओढन. उजवा दाबला तर उजवीकडं. दोन्ही संगं दाबले तर सरळ थांबन.

तू पाठवलेला रस्ता मी हाच प्रोग्राम टाकून माह्या लॅपटॉपवर चालवून पाह्यला, दोन ब्रेक दोन बटणांवर. म्हशीले धडकली, माफ कर. मंग पारीवर आली, वळणावर घाईनं ब्रेक मारला तर बुडुक. पुन्हा केलं, पुन्हा बुडुक. चार वेळा. मंग ध्यानात आलं का मी एकच ब्रेक दाबून राह्यली होती, डावा. आणि पारीवरून येताना बोडी डाव्या हाताले आहे.

आदेश, एक विचारू? त्या दिवशी कडी लागून होती का? आणि तुह्या आधी ट्रॅक्टर कोण चालवत होतं?

संघप्रियाताई


२६ ऑक्टोबर, गडचांदूर

दिवाळी गेली, भाऊबीज गेली, तुहं पत्र नाई. राग आला का? मी उगाच विचारलं असन तर सोड. म्हशीचं शेपूट चांगलं झालं आहे.

ताई


२९ ऑक्टोबर

ताई,

राग नाई. मी आठवून राह्यलो होतो. मले आठवाले बी टाइप कराएवढाच वेळ लागते.

कडी उघडी होती. ट्रॅक्टर बोडीत बसला आन मी त्याच्यावर बसून होतो, स्टेरिंग पकडून, कमरेपर्यंत पानी. मी खाली पाह्यलं त एक ब्रेक खाली दबून, एक वर. मले वाटलं मीच तोडला.

त्या दिवशी बाबाले ताप होता. सकाळपासून बांधीत धानाची चिखलनी लटारूभाऊनं सोता केली. त्यानंच ट्रॅक्टर रोडवर चढवला, उतरला आन मले म्हने, "घे बे, घरी नेऊन लाव." मंग संध्याकाळी चौकात सगळ्यासमोर बाबाले म्हने, "ज्यानं असा पोट्टा शिकवला त्याच्या हाती माहा ट्रॅक्टर नाई." बाबा घरी येऊन मले कदी रागावले नाई. आता ते रोजीनं जातात, जिथं भेटन तिथं. बाजूनं ट्रॅक्टर गेला का दुसरीकडं पाह्यतात.

आता मी का करू? लटारूभाऊच्या समोर जाऊन बोलू? मी? मले गॅसवाल्यासंग बोलता येत नाई.

आदेश


३० ऑक्टोबर, गडचांदूर

मंग नको बोलू. मशीन लाव.

मले मंडईले येता येत नाई, त्या दिवशी आमची भट्टी बंद राह्यते, तवाच आमाले काम जास्त. सगळं लिहून पाठव. एकाच बोटानं का होईना.

ताई


११ नोव्हेंबर

ताई,

मशीन दरवाज्यातून निघाली नाई. आधी तेच सांगतो म्हनजे तुहं हासून होईन. रुंद केली तवा दरवाजा मोजला नोता. प्रफुलभाऊनं मंडईच्या सकाळी कटरनं मधातून कापली, चौकात नेऊन पुन्हा जोडली. राजवाड्याच्या चित्रातल्या राजाचं नाक गेलं.

दुपारी बारापासून लाइन लागली. सगळे बोडीत. पोट्टे बोडीत, पाव्हने बोडीत, आमचे मास्तर आले तेबी बोडीत. दर वेळी बुडुक आन पूर्न चौक हासे. मी मशीनच्या मागं वायर पकडून बसून होतो. वायरले पकडाची काई गरज नोती, पन मागं बसाले कारन पाह्यजे ना. मास्तर उठून म्हने, "अरे आदेश, हे वळणच वाईट आहे रे." मले वाटलं आता इथूनच घरी गेलो तरी चालन.

बाबा पानठेल्यापाशी उभे होते. तिथून जवळ नाई आले.

मंग लटारूभाऊ आला. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, संगं चार पाव्हने. पाव्हन्याईले म्हने, "पाहा, ड्रायव्हर कोनाले म्हनतात ते," आन बसला. बसल्या बसल्या हाताची रेस दिली. बांधीतून मस्त फिरवला, म्हशीले वाचवलं, पारीवर चढला. वळनापाशी त्यानं ब्रेक मारला.

बुडुक.

पाव्हने असे हासले का एकाचं पान पडलं. लटारूभाऊ ओरडला, "हे का बे! दोन्ही ब्रेक संगं लागले पाह्यजे ना! कडी कुठी आहे याची?" आन खाली वाकला. हात घातला. कडी होती, उघडी. मी ती लावली नोती. मुद्दाम का विसरून, ते मले अजून सांगता येत नाई. दोन्ही असन.

तो वाकूनच राह्यला. मले वाटलं कंबर पकडली. मंग तसाच वाकून, फक्त मलेच ऐकू येईन असं म्हने, "उघडी काऊन ठेवली बे?"

मी बोललो, ताई. मी म्हटलं, "त्या दिवशी अशीच होती, भाऊ."

बस, पाच शब्द. बोलता बोलता माह्या हातानं वायरच ओढल्या गेली आन कॉम्प्युटर, टीव्ही दोन्ही बंद पडले. लोकाईले वाटलं लाइन गेली.

मी वायर लावली. कॉम्प्युटर चालू होईपर्यंत, तुले माईत आहे, दोन चहा. एवढा वेळ लटारूभाऊ बंद टीव्हीसमोर तसाच बसून होता. पाव्हने भजे खाले गेले. चालू झाल्यावर त्यानं कडी टाकली, खट. मंग पारीवरून हळूहळू नेऊन ट्रॅक्टर चौकात लावला. उठला आन पानठेल्याकडं पाह्यून म्हने, "खुशाल. ये. बस."

बाबा आले. मले वाटलं नाईच येनार. बसले. आन बसल्या बसल्या, रेसले हात लावाच्या आधी, स्टेरिंगले हात लावाच्या आधी, बाबा खाली वाकले आन कडी पाह्यली. लागून होती, तरी पायानं दाबून पाह्यली.

चौदा वर्षं बाबा हेच करत. मलेबी हेच शिकवलं होतं, चढल्याबरोबर पहिले कडी. मी त्या दिवशी पाह्यली नाई, ताई. लटारूभाऊनं लावली नाई हे खरं, आन मी पाह्यली नाई हेबी खरं. हे मी लटारूभाऊले नाई सांगतलं. बाबाले रातच्याले जेवताना सांगतलं. बाबा म्हने, "माईत आहे." आन मंग म्हने, "वरन वाढ."

गेमात बाबा बोडीत पडले नाई. म्हशीले धडकले. म्हने, "हे फ्रिज मधात कोनं ठेवलं?"

काल सकाळी लटारूभाऊ घरी आला. माफीबिफी नाई. ओट्यावर ट्रॅक्टरची चाबी ठेवली आन म्हने, "गुरुवारपासून कापलेल्या धानाचं चुरनं आहे, डिझेल भरून घे." जाता जाता माह्याकडं पाह्यून म्हने, "हा मागं ट्रॉलीत बसला तरी चालन. स्टेरिंगवर नाई." बाबा म्हने, "ते मी पाह्यतो." मायनं चाबी उचलून देवापाशी ठेवली, मंग बाबाले सापडेना, अर्धा घंटा शोधली.

सतरा नंबरच्या फॉर्मचं विचारू नको. मीच विचारून आलो. मास्तर म्हने या वर्षीची तारीख गेली वाटते, पाह्यून सांगतो.

तुही चेन चांगली चालली. एकदाबी उतरली नाई.

आदेश

अजून एक. सुगंधाबाईले दात आला. खरंच. वरचा, समोरचा, नवा. ऐंशीच्या वर आहे ते. सकाळपासून तिच्या घरापाशी लाइन लागून आहे, पाव्हनेबी थांबले, ते तोंड उघडून बसली आहे आन एकेकाले दाखवते. मशीनपाशी कुत्रंबी नाई. बस करतो, माहा नंबर आला.